वय ५८, प्लॅन १८ आठवड्यांचा, मला लागले २३

मॅरेथॉनच्या तयारीच्या प्लॅनचा कागद अजून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. १८ ओळी, प्रत्येक ओळीत ७ चौकोन. वरच्या ९ ओळींत शाईने नीट केलेल्या बरोबरच्या खुणा. त्याखाली पेन्सिलीने इतकी खाडाखोड, की माझ्याशिवाय कुणाला वाचता येणार नाही. हा अनुभव मुख्यतः त्या खाडाखोडीचा आहे.

तुलना करायला सोपं जावं म्हणून आधी स्वतःबद्दल. बाई, वय ५८, वजन ५६ किलो, धावायला लागून १५ वर्षं झाली. ४९व्या वर्षी एक मॅरेथॉन (४२.२ किलोमीटर) केली होती, प्लॅन-बिन काही नाही, जमेल तसं धावून. ३३व्या किलोमीटरला पाय जे बसले ते बसलेच. उरलेलं अंतर चालत-रखडत, वेळ ४ तास ३८ मिनिटं. या वेळी ठरवलं की कागदावर लिहिलंय तसंच करायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही.

प्लॅन तयार मिळतो तसाच होता, 'मध्यम' गटातल्या धावपटूंसाठीचा. आठवड्यातून ५ दिवस धावायचं, सुरुवात ४० किलोमीटरने, शिखरावर ७२. एक दिवस इंटरव्हल (जोरात तुकडे, मध्ये विश्रांती) किंवा टेम्पो (सलग, जरा जोरात), एक दिवस मॅरेथॉन पेसचा, म्हणजे रेसमध्ये ठेवायच्या वेगाचा, एक लाँग रन (आठवड्यातलं सगळ्यात लांब धावणं), बाकी सगळं हळू. दर चौथा आठवडा हलका आणि शेवटचे तीन आठवडे टेपर, म्हणजे रेसआधी धावणं कमी करत नेणं. 'वय' हा शब्द अख्ख्या प्लॅनमध्ये एकदाही येत नाही. सुरुवातीला मला त्याचं बरंच वाटलं होतं. कुणीतरी आपल्याला सूट न देता वागवतंय, असं.

पहिली ठेच लागली ती नाडीच्या ठोक्यांवरून. प्लॅनमध्ये हळू धावण्याची व्याख्या होती, कमाल ठोक्यांच्या ७५ टक्क्यांखाली. आणि कमाल ठोके म्हणजे २२० वजा वय. माझे झाले १६२, त्याचे ७५ टक्के १२१. आता १२१वर मी धावतच नाही हो, मी चालते. तीन आठवडे मी हे इमानदारीने केलं. पाच पावलं धाव, घड्याळ पाहा, थांब. शेजारून माणसं गप्पा मारत चालत पुढे जायची. नवरा सायकलवर पाणी घेऊन बरोबर असायचा, त्याला तोल सांभाळता येईना इतका माझा वेग कमी.

चौथ्या आठवड्यात चढावरचे इंटरव्हल होते. ठोके मोजणारा छातीचा पट्टा लावून पळाले आणि तिसऱ्या फेरीच्या टोकाला आकडा दिसला १७६. पुढच्या वेळी पुन्हा १७५. म्हणजे सूत्राने मला १४ ठोके कमी दिले होते. २२० वजा वय हे सरासरीचं सूत्र आहे. एकेका माणसात त्यापासून १०-१२ ठोके इकडेतिकडे असणं अगदी नेहमीचं. २००१ मध्ये आलेलं २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्र मोठ्या वयात त्यातल्या त्यात जवळ जातं, पण त्यानेही माझे १६७च होतात. १७६ धरून हळू धावण्याची मर्यादा १३२वर गेली आणि मी पहिल्यांदा माणसासारखी हळू धावायला लागले, किलोमीटरला ७ मिनिटं २० सेकंद. (मनगटावरच्या घड्याळाच्या नादी लागू नका. माझं घड्याळ अधूनमधून पावलांची लयच नाडी म्हणून दाखवायचं. आरामात धावतानाही १७०! आणि कमाल ठोके शोधायला म्हणून असं जीव तोडून पळण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्या. मी स्ट्रेस टेस्ट करून मगच प्लॅन सुरू केला होता.)

हळू धावण्याबद्दल मात्र प्लॅनला पैकीच्या पैकी गुण. आधीची १५ वर्षं मी रोज एकाच वेगाने धावत होते. ना हळू ना जोरात, रोज थोडं दमायचं आणि 'आज छान झालं' म्हणायचं. प्लॅनने ते मोडलं. हळूच्या दिवशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, जोराच्या दिवशी दोन शब्दांपुढे जाता कामा नये. सहाव्या आठवड्यापर्यंत त्याच १३२ ठोक्यांवर माझा पेस ७:२० वरून ७:०५वर आला होता. इथवर मी भेटेल त्याला प्लॅन वाचायला देत होते.

नववा आठवडा. मंगळवारी इंटरव्हल, गुरुवारी १३ किलोमीटर मॅरेथॉन पेसने, रविवारी २६ किलोमीटर. तिन्ही झाले, तिन्हींवर खुणा. सोमवारी सकाळी पलंगावरून उतरले आणि डाव्या टाचेमागची शीर, अकिलीस टेंडन, जणू रात्रीत दोन इंच आखूड झाली होती. जिना उतरताना कठडा धरून, आडवी होऊन, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. दहा-पंधरा मिनिटांनी सैल झाली, म्हणून मी बुधवारी परत पळाले. हा मूर्खपणा माझा, प्लॅनचा नाही. गुरुवारी शिरेचा मधला भाग चिमटीत धरला तर दुसऱ्या पायापेक्षा जाड लागत होता.

मग तीन आठवडे धावणं बंद. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहून टाच हळूहळू खाली सोडायचा व्यायाम सुरू केला. गुडघा ताठ ठेवून १५चे ३ सेट, वाकवून १५चे ३ सेट, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. म्हणजे रोज १८० वेळा. सकाळचा वाटा मी दात घासताना उरकायची, फेस गळत असायचा. हा व्यायाम १९९८ मध्ये हाकन अल्फ्रेडसन या स्वीडिश सर्जनने मांडला. त्याची स्वतःची हीच शीर दुखत होती. ऑपरेशन करून द्यायला वरिष्ठ तयार होईनात, तेव्हा एकदाची तुटू दे, मग करावंच लागेल, म्हणून त्याने तिच्यावर भार टाकायला सुरुवात केली. ती तुटायच्या ऐवजी बरी झाली, असं सांगतात. माझी शीर व्यायामाच्या सहाव्या आठवड्यात सकाळी लंगडायला लावायची थांबली, नुसती कुरकुरायला लागली. व्यायाम मी १२ आठवडे पुरे केले. अजूनही आठवड्यातून दोनदा करते.

त्या तीन आठवड्यांत कागदासमोर बसून मी मागचे ६३ दिवस तपासले. दुखायला लागण्याआधी काय काय झालं होतं? पहिल्या चार-पाच आठवड्यांत जोराच्या दिवसानंतर दुसऱ्याच दिवशी पाय मोकळे व्हायचे. सातव्यापासून तिसरा दिवस उजाडला तरी पोटऱ्या भरलेल्या, आणि तोवर पुढचा जोराचा दिवस आलेला असायचा. प्लॅनमधले व्यायाम चुकीचे नव्हते. दोन व्यायामांमधली जागा माझ्या वयाला पुरत नव्हती. आणि ती जागा कमी का, तर आठवडा ७ दिवसांचा असतो म्हणून. शिरेला रविवार कळत नाही.

म्हणून मी ७ दिवसांचा आठवडा १० दिवसांचा केला. पहिल्या दिवशी लाँग रन, दुसऱ्या दिवशी विश्रांती, तिसऱ्या दिवशी हळू, चौथ्या दिवशी वजनं उचलायची आणि वाटलं तर अर्धा तास हळू, पाचव्या दिवशी इंटरव्हल किंवा टेम्पो, सहाव्या दिवशी विश्रांती, सातव्या दिवशी हळू, आठव्या दिवशी मॅरेथॉन पेस, नवव्या दिवशी पुन्हा वजनं, दहाव्या दिवशी काही नाही. प्लॅनच्या उरलेल्या सहा चढत्या आठवड्यांचे असे ६० दिवस झाले. नाव नोंदवलेली रेस अर्थातच हुकली. पाच आठवड्यांनंतरची दुसरी घेतली. लाँग रन कधी मंगळवारी यायचा, कधी शुक्रवारी. माझी नोकरी सुटली आहे म्हणून हे चाललं. नोकरी करणाऱ्यांनी १४ दिवसांचा आठवडा धरावा, दोन्ही रविवारी लांब धावावं, पण त्यातला एकच खरा लांब.

वजनांबद्दल प्लॅनमध्ये एकच ओळ होती, 'इच्छा असल्यास ताकदीचे व्यायाम'. या वयात हे इच्छेवर सोडायचं प्रकरण नाही. वयाबरोबर स्नायू घटतात आणि त्यातही जोर लावणारे वेगवान तंतू आधी जातात. बाईला पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन उतरतं, हाडांची घनता पडते, रात्री अंगातून वाफा निघून दोन-दोनदा झोप मोडते. आणि सकाळी कागद सांगतो, ८ वेळा ८०० मीटर. रात्रीचा हिशेब कुठल्याच चौकोनात नव्हता. मी एक नियम केला. सलग दोन रात्री झोप मोडली असेल तर जोराचा दिवस पुढे ढकलायचा, रद्द करायचा नाही. ६० दिवसांत चार वेळा ढकलला. खाण्यात एकच बदल केला, दर जेवणात २०-२५ ग्रॅम प्रथिनं येतील असं पाहिलं. तरुणपणी थोड्यावरही स्नायू भरून येतात, आता एका वेळेला जास्त लागतं.

आता माझी सगळ्यात मोठी तक्रार, ३२ किलोमीटरचा लाँग रन. प्लॅनमध्ये तो दोनदा आहे आणि जवळपास सगळेच तो धर्मकर्तव्यासारखा पाळतात. पण किलोमीटरला ५ मिनिटांनी धावणारा माणूस तो २ तास ४० मिनिटांत संपवतो. माझ्या ७:२० ने त्याला पावणेचार तासांहून जास्त लागतात. व्यायाम एकच, पण मार दीडपट, आणि भरून यायला मलाच जास्त दिवस हवेत. मी किलोमीटर सोडले आणि वेळ धरली. कमाल सव्वातीन तास. त्यात माझे २७ किलोमीटर व्हायचे. असे तीन केले, शेवटच्या दोहोंत शेवटचे ६ किलोमीटर मॅरेथॉन पेसने. लोकांनी घाबरवलं, '३२ केले नाहीत तर भिंत लागणार', म्हणजे शेवटच्या टप्प्यात अंगातली ताकद एकदम संपणार. रेसच्या आदल्या रात्री मीही घाबरलेच होते.

याच लाँग रनमध्ये पोटाची सवय करून घेतली, दर ४० मिनिटांनी एक जेल (धावताना खायची साखरेची पुडी), तासाला साधारण ३५ ग्रॅम कर्बोदकं. तहानेची जाणीव वयाबरोबर बोथट होते, म्हणून तहान लागायची वाट पाहिली नाही. पण रेसमध्ये पाण्याच्या प्रत्येक टेबलावर थांबून ढोसलंही नाही. साडेचार-पाच तास धावणाऱ्यांनाच नुसतं पाणी जास्त पिऊन रक्तातलं सोडियम उतरण्याचा धोका अधिक असतो. बुटांबद्दल काही सांगत नाही, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत.

टेपर तीनऐवजी अडीच आठवडे घेतलं. अंतर निम्म्यावर आणलं, जोराचे छोटे तुकडे ठेवले. या दिवसांत उजवा गुडघा, डावी मांडी, घसा असं रोज नवीन काहीतरी दुखायचं. एकही दुखणं रेसपर्यंत टिकलं नाही.

वेळेचं भाकीत प्लॅनने माझ्या हाफ मॅरेथॉनवरून (२१.१ किलोमीटर) काढून दिलं होतं. २ तास ५ मिनिटांवरून, पीट रीगल यांच्या सूत्राने (अंतर दुप्पट केलं की वेळ सुमारे २.०८ पट), ४ तास २० मिनिटं, म्हणजे पेस ६:१०. आठवड्याला ७० किलोमीटर धावलेल्या माणसाला ते लागू पडत असेल. माझे १० दिवसांत ६० होत होते. मी ६:२० ने सुरुवात केली. पहिला अर्धा भाग २:१३:४०, दुसरा २:१८:००, एकूण ४:३१:४०. ३३वा किलोमीटर आला तेव्हा मी मुद्दाम पाटीकडे पाहिलं. पाय जड होते, पण चालत होते. ३८नंतर वेग पडला, थांबले कुठेच नाही. नऊ वर्षांनी म्हातारी होऊन ६ मिनिटांनी वेगवान, यात मी खूश आहे. ४:२० न झाल्याचं दोन दिवस वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

अमेरिकी धावपटू जोन बेनॉइट सॅम्युएलसन यांनी १९७९ मध्ये बॉस्टन मॅरेथॉन २:३५:१५ मध्ये जिंकली होती. ४० वर्षांनी, २०१९ मध्ये, त्या वेळेपासून ४० मिनिटांच्या आत येईन असं ठरवून त्या तिथेच धावल्या आणि ६१व्या वर्षी ३:०४ मध्ये आल्या. दुसरीकडे कॅनडाचे धावपटू एड व्हिटलॉक. वेगाचे व्यायाम जवळजवळ नाहीतच, दफनभूमीत गोल-गोल तासन्‌तास संथ धावायचं, आणि ७३व्या वर्षी मॅरेथॉन २:५४:४८ मध्ये. दोघांचे पाय आपल्याला मिळणार नाहीत, पण म्हाताऱ्या धावपटूचा एकच एक प्लॅन असतो हे काही मला आता कुणी पटवू शकणार नाही.

घ्यावा का हा प्लॅन? पन्नाशीच्या आतले असाल आणि झोप चांगली असेल तर जसाच्या तसा घ्या. त्यापुढचे असाल तर घ्या, पण पेन्सिल पहिल्या आठवड्यापासून हातात ठेवा, रेसची तारीख १८ नव्हे तर २४ आठवडे पुढची धरा, आणि ठोक्यांचा आकडा सूत्रातून घेऊ नका. आधी कधीही टाचेमागची शीर दुखली असेल तर पायरीचा व्यायाम प्लॅनच्या दोन महिने आधी सुरू करा. मी पुढच्या वर्षासाठी हाच कागद पुन्हा छापला आहे, या वेळी १० चौकोनांच्या ओळींचा. नवऱ्याने विचारलं, 'यात रविवार कुठला?' मी म्हटलं, तू सायकल तेवढी तयार ठेव.