जुना पॉवरशॉट घेऊ की जुना डी४०? फोटो एडिट करून वाचवायचे असतील तर

कमी बजेटमध्ये सेकंडहँड कॅमेरा घ्यायचा आणि फोटो नंतर एडिटिंगमध्ये सुधारायचे असं ठरवलं असेल तर समोर साधारण दोन प्रकार येतात, खिशात मावणारा कॉम्पॅक्ट नाहीतर जुना डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा. नुसतं मोघम बोलण्यापेक्षा दोन मॉडेल समोर ठेवून सांगतो, कॅननचा पॉवरशॉट ए५९० आयएस (२००८ चा, ८ मेगापिक्सेल) आणि निकॉनचा डी४० (२००६ चा, ६ मेगापिक्सेल). सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, दोन्हीत सीसीडी या जुन्या प्रकारचीच आहे, त्यामुळे सध्या ज्या सीसीडी रंगांची हवा आहे त्यावरून निवडू नका. आणि ८ पेक्षा ६ कमी म्हणून डी४० सोडून तर अजिबात देऊ नका, ६ मेगापिक्सेलची ए४ प्रिंट छान येते.

खरा फरक सेन्सरच्या साइजचा आणि फाइलचा. डी४० चा सेन्सर क्षेत्रफळाने पॉवरशॉटच्या साधारण १५ पट आहे, म्हणजे प्रकाश जास्त गोळा होतो आणि अंधारात नॉइज, म्हणजे फोटोतले रंगीत ठिपके, कमी. शिवाय तो रॉ फाइल देतो, म्हणजे सेन्सरचा कच्चा डेटा, १२ बिटची, म्हणजे प्रत्येक रंगाच्या ४०९६ पायऱ्या. पॉवरशॉट देतो जेपेग, म्हणजे कॅमेऱ्यानेच तयार करून दिलेला फोटो, त्यात २५६. एडिटिंगमध्ये तुम्ही या पायऱ्याच ताणत असता, त्यामुळे जेपेगमधलं आभाळ थोडं जास्त ओढलं की लगेच पट्टे दिसायला लागतात, रॉ मध्ये बरंच ओढता येतं.

विसर्जन मिरवणुकीचं उदाहरण घ्या. गुलाल, वर लाल-निळे एलईडी, मधेच हॅलोजन, कुठलाच ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग आपोआप जुळवणं) तिथे नीट चालत नाही. डी४० ची रॉ असेल तर व्हाइट बॅलन्स घरी बसून पाहिजे तसा बदला, फोटोला काही होत नाही. जेपेगमध्ये मात्र कॅमेऱ्याने रंग आधीच पक्के केलेले असतात, चेहऱ्यावरचा लाल कमी करायला गेलात की चेहरे राखाडी पडतात आणि गुलालाचा रंगही जातो. त्यात पॉवरशॉटने नॉइज घालवायला बारीक डिटेल आधीच पुसलेलं असतं, मग वरून शार्पनेस वाढवला की केस आणि पानं अजूनच चिकट दिसतात. अशा फोटोला मी तरी सरळ ब्लॅक अँड व्हाइट करतो, कलर नॉइजचा प्रश्नच मिटतो आणि उरलेलं ग्रेन, म्हणजे दाणेदारपणा, चांगलं दिसतं.

पण एक गोष्ट दोघांनाही लागू, जो भाग जळून पूर्ण पांढरा झाला तो कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये परत येत नाही. सावली उचलता येते. म्हणून कडक उन्हात किंवा कोकणकड्यावर समोरून सूर्य असताना एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, मायनस ०.७ च्या आसपास ठेवा. पॉवरशॉटवर हे जास्तच पाळावं लागतं, आणि आयएसओ (प्रकाशाला प्रतिसाद वाढवणारं सेटिंग, वाढवलं की नॉइजही वाढतो) शक्यतो २०० च्या वर नेऊ नका.

मग पॉवरशॉट घ्यायचाच कशाला? कारण तो खरंच सोबत राहतो. डी४० ची नुसती बॉडी जवळपास अर्धा किलो, वर लेन्स, पावसाळ्यात ट्रेकला ते धूड बाहेर काढायचा कंटाळा येतो आणि मग फोटोच निघत नाही. पॉवरशॉट पेन्सिल सेलवर चालतो, फक्त चार्जेबल सेल वापरा, साधे लगेच बसतात. आणि याच्यासाठी सीएचडीके नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, हे भारी प्रकरण आहे, आपल्या कॅमेऱ्याच्या फर्मवेअरच्या (आतल्या मूळ सॉफ्टवेअरच्या) व्हर्जनचं, कार्ड बूटेबल करून त्यावर टाकायचं, कार्डाचं छोटं लॉक लावायचं, की कॅमेरा चालू करताच ते लोड होतं आणि पॉवरशॉटही रॉ द्यायला लागतो, कॅमेऱ्यात कायमचा बदल काहीच होत नाही. सेन्सर लहान तो लहानच राहतो, नॉइज असतोच, पण तो किती पुसायचा हे तुमच्या हातात येतं.

एडिटिंगला पैसे घालवू नका, डार्कटेबल आणि रॉ-थेरपी दोन्ही फुकट आहेत आणि डी४० च्या फाइल्स उघडतात. कॉम्प्युटर नसेल तर फोनवर स्नॅपसीड, जेपेगसाठी पुरतं.

माझं मत विचाराल तर मिरवणूक, लग्न, घरातले कमी उजेडातले फोटो असतील आणि रात्री बसून एडिट करायची खरंच आवड असेल तर डी४०. फिरायला, ट्रेकला आणि दिवसाउजेडी काढणार असाल तर पॉवरशॉट, सीएचडीके टाकून.

घेताना स्वतःचं एसडी कार्ड घेऊन जा, ३२ जीबीपेक्षा मोठं नको. पॉवरशॉटमध्ये लेन्स आत-बाहेर होताना आवाज ऐका, करकर आली तर सोडून द्या. डी४० च्या बॉडीत फोकस मोटर नाही, त्यामुळे विकणारा स्वस्तातली जुनी ५० एमएम एएफ-डी लेन्स (जिच्यात स्वतःची मोटर नसते) सोबत देत असेल तर फोकस हाताने करावा लागेल, एएफ-एस लिहिलेलीच मागा, तिच्यात मोटर असते.