पियानो शिकायचाय? आधी पट्ट्या बघा: नवशिक्यांसाठी परवडणारे कीबोर्ड

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत काय छापलेलं असतं? ‘४०० टोन’, ‘६२२ व्हॉइस’, ‘७७ ऱ्हिदम’. पियानो शिकणाऱ्याला त्यातला एकच टोन लागतो, पियानोचा. बाकीचे पहिल्या आठवड्यात हौसेने वाजवून होतात आणि मग त्या बटणांकडे कोणी फिरकत नाही. कमी पैशांत कीबोर्ड घ्यायचा तर कुठेतरी तडजोड करावी लागणारच. ती टोनच्या संख्येत करावी, पट्ट्यांमध्ये करू नये. खालची सगळी निवड याच हिशेबाने केली आहे.

पहिली चाळणी टच रिस्पॉन्सची. पट्टी अलगद दाबली की हळू आणि झपकन दाबली की मोठा आवाज, एवढं ज्याला जमत नाही तो कीबोर्ड पियानोसाठी बाद. गंमत म्हणजे कीबोर्ड जोर मोजतच नाही, वेग मोजतो. प्रत्येक पट्टीखाली रबराची छोटी टोपी असते आणि तिच्या आत कार्बनचे दोन ठिपके. पट्टी खाली जाताना एक ठिपका आधी टेकतो, दुसरा किंचित नंतर. मधला वेळ जितका कमी, तितका सूर मोठा. मिडीच्या, म्हणजे डिजिटल वाद्यं आणि संगणक एकमेकांशी बोलतात त्या भाषेत हा वेग १ ते १२७ या आकड्यांत मोजला जातो. टच नसलेल्या कीबोर्डवर बोट कसंही पडलं तरी आकडा एकच. तिथे सहा महिने घोटलेला धडा खऱ्या पियानोवर वाजवला की डाव्या हाताची साथ उजव्या हाताची चाल गिळून टाकते, कारण एक हात हळू आणि दुसरा मोठा ठेवायची वेळ बोटांवर कधी आलेलीच नसते.

फसगत इथेच होते, कारण टच असलेला आणि नसलेला कीबोर्ड दिसायला जुळे भाऊ असतात. कॅसिओचे सीटी-एस२०० आणि सीटी-एस३०० घ्या. दोन्हींना ६१ पट्ट्या, ४०० टोन, ४८ सुरांची पॉलिफनी (एका वेळी वाजू शकणारे सूर), तेच हँडल. टच मात्र फक्त ३०० ला. यामाहाचंही तेच: पीएसआर-एफ५१ आणि ई२७३ यांना टच नाही, ई३७३ ला आहे. म्हणून ‘साधारण तेच मॉडेल’ असं कोणी म्हणालं तर खोक्यावरचा आकडा स्वतः वाचावा. वाजवून बघताना पियानोचाच टोन लावा. ऑर्गनचा टोन लावला तर चांगला टच असलेला कीबोर्डही एकाच आवाजात वाजेल, कारण ऑर्गनचा स्वभावच तसा आहे. शिवाय सेटिंगमध्ये टच बंद करून ठेवलेला असू शकतो, तेही तपासा.

दुसरी गोष्ट पट्टीची रुंदी. पूर्ण आकाराच्या पांढऱ्या सात पट्ट्या मिळून, म्हणजे एक सप्तक, साधारण साडेसोळा सेंटिमीटर भरतं. मोजपट्टी लावायला लाजू नका. छोट्या पट्ट्यांचे कीबोर्ड लहान मुलांसाठी म्हणून खपवले जातात, पण त्यावर बसलेली बोटांमधली अंतरं पुढे मोडून नव्याने बसवावी लागतात. मूल लहान असलं तरी त्याचा हात पूर्ण आकाराच्या पट्टीवरच वाढू द्यावा.

पट्ट्या किती? पियानोला ८८: ५२ पांढऱ्या, ३६ काळ्या. सुरुवातीचे धडे मधल्या चार-पाच सप्तकांत फिरतात, म्हणून ६१ पट्ट्यांवर पहिलं वर्ष आरामात जातं. ४९ किंवा ५४ पट्ट्यांवर दोन्ही हात लवकरच एकमेकांच्या अंगावर येतात. मोझार्टच्या पियानोलाही ६१ च पट्ट्या होत्या, हा दाखला बरेचदा दिला जातो. तो खरा आहे, पण अर्धा. त्याचा पियानो खालच्या ‘एफ’ या सुरापासून (पाश्चात्त्य संगीतात सुरांची नावं ए ते जी अशी असतात) सुरू होत होता, आजचा ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड त्याच्या वरच्या ‘सी’पासून होतो. म्हणजे डाव्या हाताला खाली सात पट्ट्या कमी पडतात, आणि जुन्या सोनाटांमध्ये नेमक्या त्याच लागतात. ७६ पट्ट्यांमध्ये ही अडचण सुटते.

एक किरकोळ वाटणारी पण रोज नडणारी बाब: ८८ पट्ट्यांवर मधला ‘सी’ डावीकडून चौथा असतो, ६१ वर तिसरा. व्हिडिओ बघून शिकणारे इथे हमखास एक सप्तक चुकतात. पुस्तकातला सूर कीबोर्डवर कुठे आहे याची खूणगाठ पहिल्याच दिवशी बांधा, आणि बसताना त्या ‘सी’समोर बसा.

आता खरा प्रश्न: हलकी पट्टी की वजनदार? साध्या कीबोर्डची पट्टी स्प्रिंगवर उसळते. हॅमर ॲक्शनच्या पट्टीमागे खरंच एक छोटं वजन उचललं जातं. खर्जाकडे जड, वरच्या सप्तकांत हलकं. ‘पियानो स्टाइल पट्ट्या’ या शब्दांना भुलू नका, बहुतेक वेळा त्याचा अर्थ पट्टीचा आकार खोक्यासारखा चौकोनी आहे एवढाच असतो. ‘सेमी वेटेड’ म्हणजेही स्प्रिंगच, थोडी ताठ. पट्टी चांगली आहे का, हे ओळखायची सोपी खूण आहे. पांढरी पट्टी पुढच्या टोकाला दाबा, मग त्याच पट्टीला मागे, काळ्या पट्ट्यांच्या मधल्या भागात दाबा. मागे फारच जड लागलं तर आतली पट्टी आखूड आहे. स्वस्त वाद्यांत थोडा फरक पडणारच, पण बोट अडकल्यासारखं होता कामा नये. मग एकच पट्टी भराभर वाजवून बघा, ती पूर्ण वर येऊ न देता. सूर गळत असतील तर पुढे ट्रिल, म्हणजे शेजारचे दोन सूर भराभर आलटून-पालटून, वाजवताना वैताग येणार.

मॉडेलांकडे येऊ. सगळ्यात कमी बजेटमध्ये सीटी-एस३००. वजन ३.३ किलो, सहा पेन्सिल सेलवर चालतो, पेडलची जागा आहे. स्पीकर किरटे आहेत आणि पियानोचा टोन जेमतेम, पण हेडफोन लावला की सुसह्य होतो. थोडं जास्त देता येत असेल तर पीएसआर-ई३७३ किंवा त्याच्यानंतर आलेला ई३८३: पियानोचा टोन अधिक भरीव, आणि यूएसबीच्या एकाच वायरीतून मिडी व आवाज दोन्ही संगणकात जातात, त्यामुळे रेकॉर्डिंगला वेगळं यंत्र लागत नाही. सहाशेच्या वर टोन आहेत, त्यांना माफ करा. बटणांची गर्दी नकोशी वाटणाऱ्यांनी यामाहाचे एनपी-१५ आणि एनपी-३५ बघावेत. टोन १५ च, पॉलिफनी ६४. एनपी-३५ ला ७६ पट्ट्या आहेत, तोही हलका आणि सेलवर चालणारा. पट्टी हॅमरची नाही, हे मात्र लक्षात ठेवा. घर लहान आणि वाद्य रोज उचलून ठेवायचं असेल तर आमची पसंती याला.

पियानोच शिकायचा हे पक्कं असेल, तर मधले टप्पे गाळून ८८ पट्ट्यांच्या हॅमर ॲक्शनवर जावं. या गटातही स्वस्त वाद्यं तीनच नावांभोवती फिरतात. कॅसिओ सीडीपी-एस११० सडपातळ, १०.५ किलोचा, टोन १०, पॉलिफनी ६४, आणि सेलवरही चालणारा. यामाहा पी-१४५ हा २०२३ मध्ये पी-४५ च्या जागी आला. टोन आणि पॉलिफनी तेवढीच, ॲक्शन नवी. पी-४५ सवयीचा असलेल्यांना ही पट्टी थोडी हलकी वाटते, नवशिक्याला त्याने काही बिघडत नाही. रोलंड एफपी-१० २०१९ चा, आणि टचच्या बाबतीत आजही तिघांत उजवा. त्याच्या पट्टीखाली दोनऐवजी तीन सेन्सर आहेत, त्यामुळे पट्टी अर्धीच वर आली असताना पुन्हा वाजवली तरी सूर उमटतो. पॉलिफनी ९६. उणीव म्हणजे बटणं चारच. टोन बदलायला फंक्शन बटण धरून पट्टी दाबावी लागते, आणि कुठली पट्टी कशाची हे पाठ होईपर्यंत माहितीपुस्तक हाताशी लागतं. तिन्हींत निवडायचं तर एफपी-१०. सारखी ने-आण असेल तर सीडीपी-एस११०.

पॉलिफनीचा आकडा कोरडा वाटतो, पण त्याचा अनुभव पेडल दाबल्यावर येतो. पेडल खाली असताना आधीचे सूर घुमत राहतात आणि प्रत्येक सूर आपली जागा अडवतो. स्टिरिओ नमुन्यावरचा, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूचा आवाज वेगवेगळा मुद्रित केलेला टोन असेल तर एका सुराला दोन जागा लागतात. जागा संपल्या की सगळ्यात जुना सूर गुपचूप कापला जातो. चाचणी अशी: पेडल दाबा, खर्जातला एक सूर वाजवून धरून ठेवा आणि उजव्या हाताने वरच्या पट्ट्यांवरून बोट फिरवत जा. खालचा सूर मध्येच गायब झाला तर आकडा अपुरा. सुरुवातीला ४८ पुरतात, ६४ असतील तर बरं.

पेडल सोबत येतं ते बहुधा चपटं, चौकोनी बटण असतं. ते घसरतं आणि चालू-बंद एवढंच जाणतं. पियानोच्या पेडलसारखं धातूचं, रबरी तळाचं वेगळं घ्या. एफपी-१० ला रोलंडचं डीपी-१० लावलं तर पेडल अर्धंच दाबल्याचा परिणामही मिळतो. पेडल दाबलं नसताना सूर घुमत असेल आणि दाबल्यावर थांबत असेल, तर पेडलचं ध्रुवत्व उलटं आहे: तळाशी छोटी कळ असेल तर ती फिरवा. नसेल तर कीबोर्ड बंद करून पेडलवरचा पाय काढा आणि मग चालू करा. बरीच वाद्यं चालू होतानाच पेडल कसं आहे ते बघून घेतात, त्यामुळे तेव्हा पाय पेडलवर असला की सगळं उलटं होतं.

हेडफोन वायरचाच. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज इतका मागाहून येतो की लय धरताच येत नाही. भोक कुठलं आहे तेही बघा: यामाहाच्या पीएसआरना मोठी ६.३५ मिलिमीटरची पिन लागते, सीटी-एस३०० ला साधी ३.५ ची.

अडॅप्टर हरवला की घरातला कुठलाही लावून पाहण्याचा मोह होतो. पीएसआर-ई३७३ ला १२ व्होल्ट लागतात, सीटी-एस३०० ला साडेनऊ. व्होल्ट आणि पिनच्या आतलं धन-ऋण चिन्ह तंतोतंत जुळायला हवं. अँपिअर जास्त चालतात, कमी नाही. काही जुन्या अडॅप्टरमध्ये पिनच्या आत ऋण असतं. तो नव्या वाद्याला लावणं म्हणजे दुरुस्तीला निमंत्रण.

स्टँडचं बजेट आधीच बाजूला ठेवा. इंग्रजी एक्सच्या आकाराचा एकेरी नळीचा स्टँड हलक्या कीबोर्डला ठीक, पण दहा-बारा किलोच्या वाद्याखाली तो डुलतो आणि गुडघ्यांना आडवा येतो. ८८ पट्ट्यांना झेडच्या आकाराचा किंवा टेबलासारखा घ्या. पांढऱ्या पट्ट्यांची वरची बाजू जमिनीपासून ७०-७३ सेंटिमीटरवर आणि कोपर तिच्या पातळीत आला की बैठक बरोबर. हॅमर ॲक्शनचा ठकठकाट हेडफोन लावूनही खालच्या मजल्यावर जातो, म्हणून स्टँडच्या पायांखाली जाड रबरी तुकडे ठेवा.

‘कीबोर्ड बेसूर झाला’ ही तक्रार जवळपास नेहमी ट्रान्स्पोजची असते. बटण चुकून दाबलं गेलं की सगळं अर्धा स्वर वर-खाली सरकतं. ट्रान्स्पोज शून्यावर आणा.

वापरलेला घेताना सगळ्या पट्ट्या एकाच टोनमध्ये, मध्यम वेगाने, ओळीने वाजवा. एखादी पट्टी मुकी असेल किंवा कितीही हळू दाबली तरी किंचाळत असेल, तर तिच्याखालच्या कार्बनच्या ठिपक्यांवर धूळ किंवा ओल बसली आहे. कीबोर्ड उघडता येणाऱ्याने रबरी पट्टी काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाने सर्किटवरचे ठिपके पुसावेत. खरवडू नये, कार्बन निघून आला तर ती पट्टी कायमची गेली. सेलचा कप्पाही उघडून बघा. स्प्रिंगवर हिरवट-पांढरी पूड असेल तर सेल आत फुटलेले असतात. अडॅप्टरची पिन लावून हलकेच हलवा. वाद्य बंद-चालू झालं तर आतलं डाखकाम सुटलं आहे, आणि तेवढं किमतीतून कमी करून घ्यावं.