१८ महिने, २४,००० किलोमीटर: म्हणे क्लच प्लेट जळाली, निघालं भलतंच

गाडीचं मायलेज, डिकी, टचस्क्रीन सगळ्यांना तोंडपाठ आहे, त्यात वेळ घालवत नाही. इंजिन छान ओढतं, एसी थंडगार, सस्पेन्शन दणकट. मला लिहायचंय ते डाव्या पायाबद्दल.

मी घेतलेल्या बेस मॉडेलला डेड पेडल, म्हणजे क्लचशेजारी डावा पाय टेकवायची फळी, नाही. क्लच सोडल्यावर डावा पाय टेकवायचा कुठे, याचा विचारच कुणी केलेला नाही. कार्पेटवर ठेवला तर टाच घसरते, गुडघा तिरका राहतो, आणि गर्दीत पाय आपसूक पेडलपाशी जाऊन थांबतो. असा नुसता पायाचा भार पेडलवर राहिला तरी रिलीज बेअरिंगवर (पेडल दाबलं की क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगवर) विनाकारण दाब येतो. भार वाढला की प्लेटवरची पकड सैल होते, प्लेट घासते, तापते. म्हणजे प्लास्टिकचा एक तुकडा वाचवायचा आणि त्याची किंमत गिऱ्हाइकाच्या क्लचने मोजायची. सहाव्या महिन्यात मी हा अनुभव लिहायला घेतला होता, तेव्हा त्यात दुसरं काहीच नव्हतं. आज मत थोडं बदललंय.

चौदाव्या महिन्यात सकाळी पहिला गिअर पडेना. रिव्हर्स टाकताना खर्रकन आवाज यायचा. एकदा सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण दाबून उभी होते, तर गाडी हळूच पुढे सरकायला लागली. पुढे स्कूटरवर एक बाई लहान मुलाला घेऊन उभ्या होत्या. ब्रेक दाबला, इंजिन बंद पडलं, पण हातापायातलं बळच गेलं माझ्या.

त्याच दिवशी गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या माणसाने जागेवरच दोनदा गिअर टाकून पाहिले आणि म्हणाला, "मॅडम, क्लच प्लेट जळालीय. हाफ क्लचवर चालवता ना? पूर्ण सेट बदलावा लागेल." प्लेट झिजणारा भाग, त्यामुळे वॉरंटीत नाही. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी वेगळी. मी जवळजवळ हो म्हटलं होतं, कारण डेड पेडलचं ते दुखणं डोक्यात होतंच आणि चूक आपल्याच पायाची असेल असं मनोमन वाटत होतं.

पण एक गोष्ट जुळेना. प्लेट झिजली तर क्लच स्लिप होतो, म्हणजे नीट धरत नाही: ॲक्सिलरेटर दिला की इंजिन ओरडतं, आरपीएमचा काटा वर जातो आणि वेग तिथेच राहतो. चढावर जळकट वास येतो. माझ्या गाडीचं दुखणं नेमकं उलटं होतं. क्लच धरत होता, सुटत नव्हता. "क्लच गेला" म्हणताना ही दोन्ही दुखणी लोक एकाच पोत्यात घालतात.

म्हणून फोरमनना शेजारी बसवून मोकळ्या रस्त्यावर गेले. चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. काटा आणि वेग दोन्ही बरोबरीने चढले. स्लिप नाही. मग गाडी उभी करून इंजिन बंद केलं: सगळे गिअर लोण्यासारखे पडले, म्हणजे गिअरचा लिव्हर आणि केबल ठीक. इंजिन चालू करून क्लच दाबला, पाच सेकंद थांबून रिव्हर्स टाकला: खर्र. शेवटी पेडल तीन-चार वेळा भराभर पंप केलं आणि लगेच रिव्हर्स टाकला. आवाज न होता पडला. या गाडीचा क्लच हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा. पंप केल्यावर सुधारतो याचा अर्थ दाब कुठेतरी निसटतोय, ऑइलमध्ये हवा आहे किंवा सील गळतंय. प्लेट जळाली असती तर पंप करून काय फरक पडला असता?

फोरमन गप्प झाले. मी मोबाइलचा टॉर्च लावून पेडलखाली वाकले. क्लच पेडलपासून मास्टर सिलिंडरकडे (पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलतो तो) जाणाऱ्या रॉडच्या टोकाला, रबरी बुटाच्या कडेला, एक पिवळसर थेंब लोंबत होता. बोट लावलं तर गुळगुळीत, तेलकट. खालच्या कार्पेटवर चॉकलेटी डाग, आणि पेडलच्या दांडीवरचा काळा रंग त्या जागी फुगून सुटलेला. ब्रेक ऑइल रंग खातं, तोच हा प्रकार. बॉनेटमधली टाकी पाहिली तर पातळी मिनच्या खुणेला टेकलेली. क्लच आणि ब्रेक या गाडीत एकाच टाकीतून ऑइल घेतात, आणि आधीच्या सर्व्हिसच्या कागदावर "ब्रेक ऑइल ओके" अशी टिक आहे!

मास्टर सिलिंडर वॉरंटीत बसतो. तरीही दोन तास हुज्जत घालावी लागली. शेवटी फोटो जोडून जॉब कार्डवर "मास्टर सिलिंडर सील गळती" असं लिहून घेतलं तेव्हा गाडी आत गेली. सिलिंडर बदलला, नवीन ऑइल भरलं, हवा काढली, आणि संध्याकाळी गाडी परत. खिशातून एक पैसा गेला नाही. गिअरबॉक्स उतरवून नवा सेट टाकला असता तरी गळती तशीच राहिली असती, आणि हाफ क्लचचा ठपका मात्र कायमचा माझ्या नावावर लागला असता. त्या एका वाक्याचा राग अजून गेलेला नाही.

तेव्हा कंपनीच्या क्लचला मी आधी दिलेली शिवी मागे घेते. पुढे १०,००० किलोमीटर झाले, पिकअप तसाच, बाइट पॉइंट (पेडल सोडताना क्लच धरायला लागतो ती जागा) तिथेच. आवाजही नाही. (न्यूट्रलमध्ये घरघर येत असेल आणि क्लच दाबताच थांबत असेल तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर घ्या. दाबल्यावर सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंगवर. हे सांगूनच गाडी आत सोडा.)

डेड पेडलबद्दलचं मत मात्र तसूभरही बदललेलं नाही. बाहेरून ॲल्युमिनियमचं बसवून घेतलं, गुडघा दुखायचा थांबला. बसवताना एकच बघा: पाय त्यावरून उचलून क्लच तळापर्यंत दाबताना बूट कुठे अडकता कामा नये. जाड मॅटही पेडलखाली सरकते आणि क्लच अर्धाच दबतो, म्हणून माझी मी काढून टाकलीय.

आता महिन्यातून एकदा पांढरा टिश्यू त्या रॉडभोवती फिरवते. या रविवारीही कोरडा निघाला.