आधी चॉसर की आधी गवेन?

मध्ययुगीन इंग्रजी गोष्टी वाचायच्या म्हटल्या की कँटरबरीच्या यात्रेला निघालेल्या लोकांनी एकमेकांना सांगितलेल्या गोष्टींचं पुस्तक, चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’चं नाव पहिलं निघतं. मीही तिथूनच सुरुवात केली आणि प्रस्तावनेतच अडकलो. साडेआठशेच्या वर ओळी, एकामागून एक यात्रेकरूंची ओळख, आणि गोष्ट काही सुरू होत नाही! म्हणून माझा सल्ला उलटा: आधी ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’ हे काव्य घ्या.

दोन्ही चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या. गवेनचा कवी कोण, कुणालाच ठाऊक नाही. काव्याची हस्तलिखित प्रत एकच, तीही 1731च्या लंडनमधल्या आगीतून वाचलेली. ओळी अडीच हजार. दोन संध्याकाळी पुरतात. आणि सुरुवात पाहा: राजा आर्थरच्या दरबारात हिरवा योद्धा घोड्यावरून शिरतो, आर्थरचा सरदार गवेन त्याचं मुंडकं उडवतो. ते जमिनीवर घरंगळतं, लोक पायाने ढकलतात. धड मात्र शांतपणे चालत येऊन केस धरून ते उचलतं आणि मुंडकं बोलतं, ‘वर्षभराने तुझी पाळी.’ पुढे गवेनची खरी परीक्षा कुऱ्हाडीखाली होतच नाही. ती आधीच एका वाड्यात होऊन गेलेली असते, आणि जीव वाचवणाऱ्या हिरव्या पट्ट्याबद्दल यजमानापासून लपवाछपवी केल्यामुळे तो तिथे चुकलेला असतो. मानेवर फक्त एक ओरखडा उठतो, तो त्याबद्दल. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाल्या टॉल्किननं 1925मध्ये एका सहकाऱ्यासोबत या काव्याची संपादित आवृत्ती काढली, ती उगाच नाही.

एक अडचण आहे. गवेनची बोली वायव्य इंग्लंडची, त्यामुळे अनुवादाशिवाय गत्यंतर नाही. सायमन आर्मिटेजच्या अनुवादात मूळचा अनुप्रास बराच ऐकू येतो. चॉसरची बोली लंडनची, आजच्या इंग्रजीच्या जवळची. टीपा शेजारी ठेवून मोठ्याने वाचलं तर मूळही जमतं (‘नाइट’ म्हणजे knight, त्यातला ‘के’ तेव्हा उच्चारत, हे लक्षात ठेवा). नाही जमलं, तर नेव्हिल कॉगहिलचं आधुनिक रूपांतर आहेच.

चॉसरची गंमत माणसांत आहे, पण तो सलग वाचू नका. बेत शंभरावर गोष्टींचा होता. हाती आल्या 24, त्यातल्याही काही अर्धवट. पहिली घ्या पापमुक्तीचे कागद विकणाऱ्या पार्डनरची. तीन दारूबाज मृत्यूला मारायला निघतात, त्यांना झाडाखाली सोनं सापडतं. धाकटा दारू आणायला जातो आणि तिच्यात विष कालवतो. उरलेले दोघे त्याला मारतात आणि मग तीच दारू पितात. गोष्टीचा हाच सांगाडा पाली भाषेतल्या वेदब्भ जातकात आहे, तिथे दारूऐवजी भात. मग वाइफ ऑफ बाथ या यात्रेकरू बाईची: पाच नवरे केलेली, पाचव्याच्या पुस्तकाची पानं फाडली म्हणून मार खाऊन एका कानाने बहिरी झालेली. तिला लेखिका झेडी स्मिथनं 2021मध्ये नाटकात थेट आजच्या लंडनमध्ये आणून बसवलं. टी. एस. एलियटच्या ‘द वेस्ट लँड’ या कवितेतला क्रूर एप्रिल आठवत असेल, तर मात्र त्या कंटाळवाण्या प्रस्तावनेच्या पहिल्या अठरा ओळी वाचाच, चॉसरचा गोड एप्रिल उलटा करून एलियटनं घेतलाय तो इथूनच.

राजा आर्थरच्या कथांचं मॅलरीचं पुस्तक (छापील 1485) तिसरं. कवी टेनिसनपासून कादंबरीकार टी. एच. व्हाइटपर्यंत आर्थरवर लिहिणारे सगळे त्याचे ऋणी, पण झुंजींमागून झुंजी सोसायची तयारी हवी.

आणि चॉसरमधली शेवटची, पार्सनची गोष्ट? ती गोष्ट नाहीच, पश्चात्तापावरचं लांबलचक गद्य प्रवचन आहे. खुशाल सोडा.