नव्या गिलाव्याचं छत: सिमेंट पुट्टी, अ‍ॅक्रिलिक की पीओपी?

रंगाआधी छताचे खड्डे आणि छिद्रं कशाने भरायची? छत सिमेंटच्या गिलाव्याचं आहे की जिप्समचं, हे आधी पाहा. निम्मा निर्णय तिथेच होतो. जिप्समवर सिमेंट पुट्टी लावू नका, पापुद्रे सुटतात. तिथे तेच जिप्सम कालवून भरा किंवा अ‍ॅक्रिलिक वापरा.

सिमेंटच्या छताला व्हाइट सिमेंट पुट्टीच घ्या, असं आम्ही ठामपणे सांगतो. थोड्या ओलसर गिलाव्यावरही ती धरते आणि खाली प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) लागत नाही. किलोभर पावडरीला 360 ते 400 मिलि पाणी पुरतं; छतासाठी 360 च्या जवळच राहा, नाहीतर माल पत्र्यावरून (पुट्टी ओढायच्या पात्यावरून) ओघळतो. जागा आधी ओल्या स्पंजने पुसा. कोरडा गिलावा पुट्टीतलं पाणी ओढून घेतो, मग ती नीट आवळत (घट्ट होत) नाही आणि बोट फिरवलं की पीठ हाताला लागतं.

खरी डोकेदुखी सुईच्या टोकाएवढ्या छिद्रांची. वरवर पत्रा फिरवला की हवा आत कोंडते आणि प्रायमर मारल्यावर तीच छिद्रं पुन्हा उघडी पडतात. म्हणून पहिला हात (थर) पत्रा उभा धरून, चांगला दाबून, दोन्ही दिशांनी ओढा. दोन्ही हात मिळून दीड मिलिमीटरच्या वर जाऊ नका.

अ‍ॅक्रिलिक डब्यातून तयार येते आणि घासायला मऊ असते. मात्र गिलावा पूर्ण कोरडा हवा आणि खाली प्रायमर हवाच. कोरडा आहे का हे पाहायला छतावर फूटभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवा. आत थेंब दिसले तर थांबा. जाड थर वाळताना आकसून चिरतो. प्रायमरनंतर दिसणारे बारीक ओरखडे भरायला मात्र हिच्यासारखं दुसरं काही नाही.

पाच मिलिमीटरचा खड्डा असेल तर पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस. एका दमात भरतं, आकसत नाही. पण दहा-पंधरा मिनिटांत आवळतं, म्हणून मूठमूठच कालवा. आवळू लागलेल्यात पाणी घातलं तर तो माल वाया गेला. वर गच्ची किंवा न्हाणीघर असेल तर पीओपी नकोच, ओलीने भुसभुशीत होतं.

ठोकल्यावर पोकळ वाजणारा गिलावा यांतल्या कशानेच वाचत नाही. तेवढा फोडून नव्याने करा.

दोष शोधायला दिवे मालवून टॉर्च छताला समांतर धरा आणि पेन्सिलीने गोल करा. भरलेली जागा 320 नंबरच्या पॉलिश पेपरने कडेपर्यंत घासून तिथे प्रायमर लावा. नाहीतर तो ठिपका रंग जास्त पितो आणि खिडकीच्या उजेडात ठिगळासारखा दिसतो.