निर्वात नळीतलं फुग्याचं रॉकेट: शिकवणीत वापरलेला संच

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा नुसत्या रबरी वायसरपायी कापलाय, त्याचं पुढं सांगतो.

सांगलीत विश्रामबागला आमची नववी-दहावीची शिकवणी चालते. न्यूटनचा तिसरा नियम पोरं घडाघडा म्हणतात, आणि अवकाश मोहिमांचा धडा आला की तीच पोरं विचारतात, "सर, वर हवाच नाय, मग रॉकेट ढकलतंय कशाला?" तेवढ्यासाठी हा संच घेतला.

दोन फूट लांब, चार इंच व्यासाची ॲक्रिलिकची नळी, दोन्ही टोकांना झाकणं, हातपंप, गेज (आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किती कमी झाला ते पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये दाखवणारा काटा), आणि आत ताणलेल्या तारेवर सरकणारा फुगा. फुग्याचं तोंड लोखंडी चिमट्यानं बंद करायचं. हवा काढून झाली की बाहेरून चुंबक फिरवायचं, चिमटा सुटतो. ही युक्ती झकास आहे, एकदाही दगा दिला नाही.

फुगा मात्र लिंबाएवढाच भरा. भोवतालची हवा कमी झाली की तो आपोआप फुगून मोसंबीएवढा होतो. पोरांना हेच जास्त आवडलं, रॉकेट राहिलं बाजूला!

चिमटा सुटला की फुगा सुसाट जातो. शंकेखोर एक असतोच: "मागच्या झाकणावर हवा आपटते, म्हणून जातोय." मग फुगा झाकणापासून लांब नेऊन सोडला, तरी तसाच गेला. फुग्यातली हवा सगळीकडून सारखी दाबत असते. मागं तोंड उघडलं की तिथं दाब घ्यायला भिंतच उरत नाही, समोरच्या भिंतीवरचा दाब मात्र तसाच राहतो, आणि तोच फुग्याला पुढं रेटतो. बाहेर टेकायला काही लागत नाही. रॉकेटचंही तेच, फक्त ते इंधनाबरोबर ते जाळायला लागणारा ऑक्सिडायझरही सोबत नेतं. 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 चा लँडर उतरला तो इंजिनांच्याच जोरावर. चंद्रावर हवा नाही, पॅराशूटचा उपयोग शून्य.

या शंकेत पोरांना हसू नका. 13 जानेवारी 1920 च्या न्यूयॉर्क टाइम्सनं अमेरिकन रॉकेट शास्त्रज्ञ रॉबर्ट गोडार्डची याच मुद्द्यावर टर उडवली होती. वास्तविक गोडार्डनं हवा काढलेल्या नळीत प्रयोग करून पाहिले होते. पेपरानं चूक दुरुस्त केली 17 जुलै 1969 ला, अपोलो-11 उडाल्याच्या दुसऱ्या दिवशी. तोवर गोडार्ड जाऊन जवळपास चोवीस वर्षं झाली होती.

आता तक्रारी. खोक्यावर छापलंय, 'गेज 760 मिलिमीटरपर्यंत जातो'. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथं हवेचाच दाब 710 च्या आसपास. संपूर्ण निर्वात केलं तरी काटा त्यापुढं जाणार कसा? हातपंपानं आमचा 560 पर्यंत गेला, म्हणजे पाचवा हिस्सा हवा आतच. फ्रीज दुरुस्तीवाल्या मित्राचा व्हॅक्युम पंप लावला तेव्हा काटा 700 ला टेकला, पण लिंबाएवढा फुगा फुगून नळीलाच चिकटला! मग बोराएवढा भरला आणि काम झालं.

पुस्तिकेत लिहिलंय, हवा काढल्यावर फुगा जास्त वेगानं जातो, म्हणून निर्वातात रेटा जास्त. हे अर्धवट आहे. इथं वेग वाढण्यात हवेचा अडथळा कमी झाल्याचा वाटाही आहेच. रॉकेटचा रेटा निर्वातात वाढतो हे खरं, कारण नॉझलच्या (गरम वायू जिथून बाहेर पडतो त्या नळकांड्याच्या) तोंडावर बाहेरच्या हवेचा उलटा दाब राहत नाही. स्पेस शटलच्या मुख्य इंजिनाचा समुद्रसपाटीवर सुमारे 1860 किलोन्यूटन, निर्वातात सुमारे 2279. पण ते दाखवायचं तर रेटा मोजायला हवा. आत साधा स्प्रिंगकाटा दिला असता तर पूर्ण चार तारे दिले असते.

वायसर दुसऱ्याच आठवड्यात गळायला लागला. दुकानदार म्हणाला, "सुटा मिळत नाही." शेवटी मापाची ओ-रिंग आणून व्हॅक्युम ग्रीस लावलं, आता काटा जागचा हलत नाही.

शाळेनं जरूर घ्यावा. घरी एकट्या पोरासाठी 3400 रुपये जास्त वाटतात. घेतलात तर हवा परत आत सोडताना कॉक हळू फिरवा. एकदम उघडला की फुगा तारेसकट पलीकडच्या झाकणावर आदळतो, आणि सुटी तारही दुकानात मिळत नाही.