तलावपाळीचा बाक आणि दोन पेन्शनी

ठाण्याच्या तलावपाळीवर संध्याकाळी दोन प्रकारचे म्हातारे शेजारी बसलेले दिसतात. एक ईपीएस-९५ वाले, म्हणजे नोकरीतल्या हप्त्यांतून पेन्शन मिळणारे, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांतून निवृत्त. दुसरे श्रावणबाळ योजनेचे, म्हणजे हप्ता न भरता सरकारकडून पेन्शन मिळणारे गरीब.

पहिल्यांच्या पेन्शनीचा मूळपुरुष जर्मनीचा चान्सलर बिस्मार्क. १८७८ मध्ये त्याने समाजवाद्यांवर बंदी घातली, तरी कामगार त्यांच्याकडेच झुकत राहिले. मग १८८९ मध्ये वृद्धापकाळ विम्याचा कायदा आला: कामगार आणि मालक निम्मा-निम्मा हप्ता भरणार, वर सरकारची भर. वय मात्र ७०! तिथवर पोचणारे कितीसे? धूर्त माणूस. पण एक गोष्ट मानायला हवी. हप्ता भरलेला असला की पेन्शन हक्काची होते, कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

ब्रिटनमध्ये उलटं. १९०८ च्या कायद्यात हप्ताच नव्हता. अर्थमंत्री लॉइड जॉर्ज, पैसा करातून, आठवड्याला ५ शिलिंग. १ जानेवारी १९०९ पासून पोस्टात वाटप सुरू झालं. आयुष्यभर स्वतःच्याच घरचं काम केलेल्या, कुठल्याच हजेरीपटावर नसलेल्या बायकांनाही ते मिळालं. हे बिस्मार्कला जमलं नव्हतं. मात्र गरिबी सिद्ध करा ही अट होतीच. आपल्याकडे श्रावणबाळसाठी लागणारा उत्पन्नाचा दाखला त्याच जातकुळीतला.

मला विचाराल तर दुसरी वाट माणुसकीची, पहिली टिकाऊ. आमच्या शेजारच्या काकांना ईपीएसचे महिन्याला जेमतेम हजार येतात. लेथवर झिजलेला अंगठा हयातीच्या दाखल्याला उमटत नाही. तरी ऐटीत म्हणतात, “माझे आहेत रे ते!”